खोडलेलं उणे एक

राजोडीच्या त्या घरात ‘करणी’ हा शब्द पहिल्यांदा मोठ्याने वाचला गेला, तेव्हा अँजेलिनाच्या आईने हातातलं सूप खाली ठेवलं आणि क्रुसाची खूण केली. नववीतली अँजेलिना ओट्यावर बसून बीजगणिताचा धडा घोकत होती. करणींची बेरीज, करणींचा गुणाकार.

“हे शाळेत शिकवतात?” आईने विचारलं. “फादरना ठाऊक आहे?”

दुसऱ्या दिवशी अँजेलिनाने हे वर्गात सांगितलं आणि वर्ग हसून लोळला. दाभोळे सरही हसले. पण हसणं आवरून त्यांनी फळ्यावर पंचवीस लिहिलं, त्यावर मुळाचं चिन्ह काढलं. “आईला सांग, पंचवीसचं मूळ पाच. ते सुटलं. दोनचं मूळ पूर्ण सुटत नाही, म्हणून त्याला या चिन्हाच्या छपराखाली तसंच राहू द्यायचं. त्याचं नाव करणी. कुणावर करायची नसते ती.”

आत्माराम दाभोळे रत्नागिरीकडचे. विरारच्या शाळेत नोकरी लागली आणि इथलेच झाले. राजोडीची, केळी-फुलांच्या वाड्या करणाऱ्यांची मुलं घरची बोली घेऊन शाळेत यायची, तेव्हा काही मास्तर त्यांच्या नकला करत. सर कधी करत नसत. पन्नासचं मूळ आणि अठराचं मूळ अशी बेरीज ते फळ्यावर मांडायचे आणि विचारायचे, “होईल का?” सगळे म्हणायचे, नाही, दोन्ही वेगळी आहेत. मग सर पन्नासमधून पंचवीस काढत, अठरातून नऊ काढत, आणि दोन्ही छपरांखाली नुसता दोनच उरे. पाच करणी दोन, तीन करणी दोन. मिळून आठ करणी दोन. अँजेलिनाला पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. गणितात असंही काही असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

अपूर्णांकातल्या घातांकाला मुलं घाबरायची. चौसष्टचा दोन-तृतीयांशावा घात म्हटलं की चौसष्टचा वर्ग करायला बसायची आणि चार हजारांच्या पुढे जाऊन बुडायची. सर म्हणत, “आधी खाली उतरा, मग वर चढा. घनमूळ काढा, चार. आता वर्ग करा, सोळा. झालं.” आणि समीकरणात करणी असली, दोन्ही बाजूंचा वर्ग करून ती सोडवली, की उत्तरापाशी थांबायला ते कुणालाच देत नसत. वर्ग केला की उणेचं अधिक होतं, आणि त्या गडबडीत एखादं परकं उत्तरही आत शिरतं. म्हणून प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात घालून बघायचं. नाही जुळलं, तर सर फळ्यावर कोर्टातल्या कारकुनासारखं लिहीत: ‘ताळा जुळत नाही, सबब हे मूळ त्याज्य.’ सबब हा शब्द त्यांच्याशिवाय कुठलाही गणिताचा मास्तर वापरत नसे.

दहावी झाल्यावर अँजेलिनाच्या वडिलांनी ठरवलं होतं की पोरीने आता वाडीत हातभार लावावा. सर सायकलवरून राजोडीला आले. ओट्यावर बसले, ताडगोळे खाल्ले, केळीच्या भावावर बोलले आणि उठता उठता म्हणाले, “हिला थांबवू नका. हिच्यासारखी मुलगी माझ्या हाताखालून पुन्हा जायची नाही.” अँजेलिना कॉलेजात गेली. पुढे बीएड झाली, आणि ज्या शाळेत सर होते त्याच शाळेत, त्यांच्याच शेजारच्या टेबलावर, गणित शिकवायला लागली. राजोडीच्याच आल्बर्टशी तिचं लग्न झालं तेव्हा चर्चमध्ये दाभोळे सर आणि सुनंदाकाकू पहिल्या बाकावर होते. दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचा डबा यायचा आणि नाताळला तोच डबा कुलकुले नि नेवऱ्या भरून परत जायचा.

सर निवृत्त झाले तेव्हा विरार पश्चिमेला भाताच्या खाचरांवर इमारती चढत होत्या. मुंबईहून, देशावरून, कोकणातून नोकरदार माणसं राहायला येत होती, आणि प्रत्येकाला आपलं मूल क्लासला घालायचं होतं. सरांचा मुलगा जितेंद्र दोन नोकऱ्या सोडून घरी बसला होता. त्याने एका नव्या इमारतीत खोल्या घेऊन क्लास काढला. पाटीवर वडिलांचं नाव मोठं होतं, त्याचं लहान. क्लास जेमतेम चालला होता.

अठ्ठ्याण्णवच्या त्या वर्षी तालुक्याच्या गणित मंडळाने दहावीच्या मुलांसाठी घ्यायच्या परीक्षेचा पेपर काढायचं काम अँजेलिनाला दिलं. मंडळ म्हणजे आसपासच्या शाळांतले गणिताचे शिक्षक. अध्यक्ष रॉबर्ट सर. परीक्षा ऐच्छिक होती, पण तिच्यात पहिल्या आलेल्या मुलाचा फोटो वर्षभर गावात मिरवायचा. पेपर काढणाऱ्याने तो कुणालाही दाखवायचा नाही, एवढा एकच नियम होता.

अँजेलिना पेपर घेऊन सरांकडे गेली. आपण नियम मोडतो आहोत, हे तिच्या मनातही आलं नाही. सर म्हणजे कुणी परके थोडेच? तिला फक्त शेवटच्या प्रश्नाची काळजी होती. √(क्ष + ५) = क्ष − १. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की वर्गसमीकरण येतं, त्यातून दोन उत्तरं निघतात, चार आणि उणे एक. चार जुळतं. उणे एक घातलं तर डावीकडे दोन आणि उजवीकडे उणे दोन, म्हणून ते टाकायचं. मराठी शाळांतल्या मुलांना हे जड जाईल का?

सुनंदाकाकूंनी चहा टेकवला. सरांनी चष्मा लावून कागद वाचला आणि मान डोलावली. “छान काढलायस. ठेव उद्यापर्यंत, नीट बघतो.”

दुसऱ्या दिवशी कागद परत मिळाला. एका ठिकाणी पेन्सिलने शुद्धलेखन सुधारलं होतं. “बाकी काही नाही. शिष्या पुढे गेली माझ्या,” सर म्हणाले. अँजेलिना तशीच हवेत तरंगत घरी आली.

छपाईसाठी पक्की प्रत करताना मात्र तिचा हात शेवटच्या प्रश्नापाशी थांबला. तिला आपली मुलं ठाऊक होती. दोन उत्तरं आली की ती डोळे मिटून उणे असलेलं टाकतात, ताळा कुणी बघत नाही. इथेही तसंच केलं तर उत्तर बरोबर येणार, मग ताळ्याची परीक्षा कशी होणार? तिने उजवी बाजू उलटवली. √(क्ष + ५) = १ − क्ष. वर्ग केला की सगळं अगदी तेच. तेच वर्गसमीकरण, तीच दोन उत्तरं. पण आता चार टाकायचं आणि उणे एक ठेवायचं. ज्याने खरोखर घालून पाहिलं त्यालाच हे कळणार. ती स्वतःशीच हसली, आणि पक्की प्रत झाल्यावर कच्चा कागद चुलीत टाकला. परीक्षा झाली की सरांना सांगू, ते खूश होतील, असं तिने ठरवलं.

दिवाळीनंतरच्या रविवारी परीक्षा झाली. पुढच्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये पाचसहा शिक्षक पेपर तपासायला बसले. उत्तरपत्रिकांवर नावं नव्हती, फक्त क्रमांक. शेवटचा प्रश्न अँजेलिनाने स्वतःकडे घेतला होता. बरेचजण अडखळले होते, काहींनी अपेक्षेप्रमाणे उणे एक फेकून दिलं होतं. मग एक पेपर आला, ज्यात समीकरणच चुकीचं उतरवलं होतं: उजवीकडे क्ष − १. घाईत लिहिलं असेल, म्हणून तिने पान उलटलं. थोड्या वेळाने तसाच दुसरा. मग लागोपाठ तीन. छापील प्रश्नात नसलेली बाजू इतक्या मुलांच्या हातून सारखीच कशी उतरेल? तिने एक उत्तर शेवटपर्यंत वाचलं. खाली गोलमटोल अक्षरात लिहिलं होतं: ‘उजवी बाजू उणे दोन येते. ताळा जुळत नाही, सबब हे मूळ त्याज्य.’

अँजेलिनाने पेन खाली ठेवलं. तिला वाटलं, हॉलमध्ये कुणीतरी मागून सरांच्या आवाजात बोललं. पुढच्या पेपरात तोच शब्द. त्याच्या पुढच्यातही. शेजारचे शिक्षक क्रिकेटवर बोलत होते, कुणी बटाटेवडे आणले होते. तिने पाणी मागितलं आणि ते तसंच हातात धरून बसली.

तिच्याच वर्गातली जेसिका जितेंद्रच्या क्लासला जायची, हे तिला माहीत होतं. सोमवारी मधल्या सुट्टीत तिने जेसिकाला प्रयोगशाळेत बोलावलं.

“शेवटचा प्रश्न क्लासमध्ये करून घेतला होता?”

“हो टीचर.” जेसिकाला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. “जितूसर नाही, दाभोळे सर स्वतः आले होते. शेवटचे तीन प्रश्न फळ्यावर सोडवले. म्हणाले, महत्त्वाचे आहेत, पाठच करा.”

“मग तू काय लिहिलंस?”

जेसिकाने मान खाली घातली. तिचे डोळे भरले. “टीचर, पेपरात उजवी बाजू वेगळी होती ना? मी वाचली. मी घालून पण बघितलं. मला उणे एक आलं.”

“मग बरोबर आहे की.”

“पण सरांचं चार होतं.” ती रडायलाच लागली. “मला वाटलं, सर कसे चुकतील, माझंच चुकलं असणार. म्हणून मी खोडलं आणि चार लिहिलं.”

अँजेलिनाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या वयात, त्या जागी, तिने स्वतः दुसरं काही केलं नसतं. सरांनी पेपर फोडला, हे तिला कालच कळलं होतं. पण ते खरं लागलं ते आता.

शाळा सुटल्यावर ती थेट सरांच्या घरी गेली. सर गॅलरीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. ती उभीच राहिली.

“सर, तुम्ही माझा पेपर क्लासमध्ये सांगितलात.”

“बस आधी.”

“सांगितलात का?”

सरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. “मुलांना महत्त्वाचे प्रश्न सांगितले. कुठला शिक्षक सांगत नाही?”

“तेच प्रश्न सर? तेच आकडे?”

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. सर खालच्या आवाजात बोलू लागले. “अँजेलिना, जितूचं काय चाललंय ते तू बघतेस. हा क्लास बुडाला तर तो पुन्हा उभा राहायचा नाही. एकदा आपल्या मुलांचे नंबर आले की लोक यायला लागतील, एवढंच. कुणाचं काही नुकसान झालं का? ही बोर्डाची परीक्षा थोडीच आहे.”

“माझ्याकडे मागायचं तरी होतंत.”

“तू दिला असतास?”

ती गॅलरीच्या कठड्याकडे वळली.

“म्हणूनच नाही मागितलं,” सर म्हणाले. आणि मग असं काही म्हणाले, जे ती पुढे कधी विसरली नाही. “आणि तू कुणाला सांगायची नाहीस, ही खात्री होती. तू माझीच आहेस. शिवाय सांगणार काय? पेपर तूच आणून दिलास ना माझ्या हातात?”

त्यांचा आवाज चढला नव्हता. करणी समजावून सांगताना असायचा तसाच मऊ, सावकाश होता.

घरी आल्यावर तिने आल्बर्टला सगळं सांगितलं. आल्बर्ट वाडीतून सोनचाफ्याच्या टोपल्या आणून पडवीत ठेवत होता. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “तू बोललीस तर तुझंही नाव खराब होणार?”

“होणारच. दाखवला मीच होता.”

“आणि नाही बोललीस तर?”

“तर ज्या पोरांनी खरंच घालून बघितलं, ती खाली जातील. पाठ केलेली बाकीच्या प्रश्नांवर वर येतील.”

आल्बर्टने टोपलीवर ओला कपडा टाकला. “मग मला कशाला विचारतेस,” तो म्हणाला.

मंडळाची बैठक शनिवारी दुपारी भरली. अँजेलिनाने आधी स्वतःची चूक सांगितली: पेपर तिने दाभोळे सरांना दाखवला आणि एक दिवस त्यांच्याकडे ठेवला. मग उत्तरपत्रिका टेबलावर मांडल्या. जुनी उजवी बाजू आणि नवी उजवी बाजू, दोन्ही फळ्यावर लिहून दाखवल्या. जुनी बाजू फक्त दोन माणसांना माहीत होती, ती आणि सर. एवढं बोलून ती खाली बसली. त्या हॉलमधले निम्मे शिक्षक दाभोळे सरांचेच विद्यार्थी होते.

रॉबर्ट सरांनी दाभोळे सरांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ते पहिल्या रांगेत बसले होते, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात.

“सर, तुम्हाला काही सांगायचंय?”

सर उठले. त्यांनी अँजेलिनाकडे पाहिलं, अगदी मायेने पाहिलं. “ती मला मुलीसारखी आहे,” ते म्हणाले. “म्हणून वाईट वाटतं. पेपर मी पाहिलेला नाही. हा प्रश्न मी गेली तीस वर्षं शिकवतोय, माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा. उजवी बाजू क्ष वजा एक हे तर नेहमीचंच उदाहरण. पेपर हिच्याकडून कुठे गेला, ते हिलाच ठाऊक. कामाचा ताण असतो, माणसाच्या हातून चूक होते. तुम्ही तिच्यावर फार कडक होऊ नका, एवढी माझी विनंती आहे.”

अँजेलिना त्यांच्याकडे बघत राहिली. फळ्यासमोर सरांना चुकताना तिने पाहिलं होतं. चूक दाखवली की ते हसून पुसून टाकत. पण खोटं बोलताना तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि ते इतकं सोपं जातं त्यांना, हे तिला अजूनही पटत नव्हतं.

“मुलांना विचारा,” ती म्हणाली. “क्लासमधल्या मुलांना.”

“मुलांना यात ओढायचं नाही,” रॉबर्ट सर घाईने म्हणाले. बऱ्याच माना हलल्या. त्या मानांना सुटल्यासारखं वाटलं असावं.

त्या वर्षीचा निकाल रद्द झाला. अँजेलिनाचं नाव मंडळातून काढलं गेलं, शाळेने तिच्याकडून लेखी खुलासा घेतला. बाजारात कुणी म्हणालं, तिने पेपर विकला. कुणी म्हणालं, म्हाताऱ्या मास्तरांच्या नावावर खापर फोडायला निघाली होती. रविवारची मिसा सुटल्यावर चर्चच्या आवारात बायका तिच्याशी नेहमीपेक्षा जरा जास्तच गोड बोलत, आणि त्याचाच तिला त्रास व्हायचा.

नाताळच्या आधी एका दुपारी सुनंदाकाकू रिक्षाने राजोडीला आल्या. इतक्या वर्षांत एकट्या त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. अँजेलिनाने त्यांना पाणी दिलं. त्यांनी घोटभर घेतलं आणि पेला मांडीवर धरून ठेवला.

“अँजू, तू कागद दिलास तेव्हा मी तिथेच होते गं. चहा मीच टेकवला होता.”

“हो काकू.”

“रात्रभर कागद त्यांच्या टेबलावर होता. जितू येऊन उतरवून घेत होता, तेही पाहिलं मी.”

अँजेलिनाला वाटलं, अडकून पडलेलं काहीतरी आता हलणार. “काकू, हे रॉबर्ट सरांना सांगाल? फक्त त्यांना. सगळ्यांसमोर नको.”

सुनंदाकाकूंनी मान हलवली, नाही म्हणून. “मला त्याच घरात राहायचंय. मुलगाही माझाच आहे.”

“मग मला का सांगायला आलात?”

“तुला वाटू नये की तू वेडी आहेस,” काकू म्हणाल्या. “रोज वाटायचं, ती एकटीच बसून विचार करत असेल की आपलंच काही चुकलं का. म्हणून आले.”

“ते मला माहीत होतं काकू,” अँजेलिना म्हणाली. “कागद मी तुमच्याच घरी ठेवला होता, हे मला माहीत होतं. ते दुसऱ्या कुणालातरी कळायला हवं होतं.”

काकूंनी पेला खाली ठेवला. रिक्षा बाहेर थांबलेलीच होती. अँजेलिनाने त्यांना दारापर्यंत सोडलं, पण ‘पुन्हा या’ म्हणाली नाही.

जितेंद्रचा क्लास बुडाला नाही. दोन हजार सालाच्या सुमारास त्याच्या आणखी शाखा निघाल्या, स्टेशनजवळच्या फलकावर सरांचा चष्म्यातला फोटो झळकू लागला. अँजेलिनाने पुन्हा कुठल्या परीक्षेचा पेपर काढला नाही. मंडळाने नंतर दोनदा विचारलं, तिने दोनदा नकार दिला. वर्गात मात्र ती बदलली. पूर्वी फळ्यावर उदाहरण सोडवून झालं की खडू ठेवायची. आता एखाद्या मुलाला उठवायची आणि म्हणायची, “माझं उत्तर घालून बघ. माझ्या शब्दावर जाऊ नकोस.” पहिल्यांदा मुलं बुजायची. टीचरचं उत्तर तपासायचं म्हणजे काय? कधीकधी ती मुद्दाम चुकीचं उत्तर लिहायची आणि वर्ग गप्प बसलेला पाहून तिला राग यायचा. इतका की एकदा तिने डस्टर आपटला. जेसिका बारावी करून इंजिनिअरिंगला गेली. जाताना भेटायला आली, पण त्या पेपराबद्दल दोघींपैकी कुणीच काही काढलं नाही.

फराळाचा डबा पहिल्या दिवाळीला आला नाही. दुसऱ्या दिवाळीला आला; सरांची सून मीरा देऊन गेली. अँजेलिनाने तो घेतला, चकल्या ताटात काढल्या आणि डबा घासून फडताळात ठेवला. नाताळ जवळ आला तेव्हा आल्बर्टने विचारलं, “भरायचा ना? रिकामा कसा पाठवणार?”

तिने फडताळातून डबा काढला. मग तिने कुलकुले भरले, वर केकचा तुकडा ठेवला आणि डबा आल्बर्टच्या हातात दिला. “मी येत नाही,” ती म्हणाली.

आल्बर्ट तासाभराने परतला. अँजेलिना चुलीपाशी नेवऱ्या तळत होती.

“सरच होते दारात,” त्याने सांगितलं. “थकलेत. विचारलं, अँजेलिना अजून शिकवते का?”

“काय सांगितलंस?”

“म्हटलं, शिकवते.”

“आणि?”

“आणि काही नाही. डबा घेऊन आत गेले.”

तिने झाऱ्यावरची नेवरी निथळली, थाळीत ठेवली आणि पुढची कढईत सोडली.